रजेचा अर्ज आणि शिरढोणचं बंड

आज आवाजामागे थोडी खटखट ऐकू आली तर सांभाळून घ्या. मी जित्याच्या घरी बसून रेकॉर्ड करतोय आणि बाजूलाच गणपतीचा कारखाना आहे.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केले, की अमेरिकेच्या क्रांतीवर बोल. बोलतो, पण माझ्या रस्त्याने. जित्यावरून पनवेलला निघालात, की खारपाडा, तारा, कर्नाळा आणि मग शिरढोण लागतं. तिथला फलक तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. शाळेत एका ओळीत शिकलोय आपण, 'आद्य क्रांतिकारक', दोन मार्क, पुढचा प्रश्न.

मला त्यांच्यात रस वाटायला लागला तो एका साध्या गोष्टीमुळे. हा माणूस नोकरदार होता. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. म्हणजे साम्राज्याचे पैसे कुठून येतात आणि कुठे जातात, ते रोज नजरेखालून जाणारा माणूस. इकडे आई आजारी पडली. रजेचा अर्ज केला, तो लटकला. आपल्याकडे पोर्टलवर 'पेंडिंग' दिसतं ना, तसंच. घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धाला पुन्हा रजा मागितली, ती नाकारली, आणि ते तसेच निघून गेले असं सांगतात.

आता यावरून लगेच 'रजा नाही दिली म्हणून बंड केलं' असं रील बनवू नका, प्लीज. बंड झालं १८७९ मध्ये. मधल्या काळात ते बरंच काही सनदशीर करत होते. न्यायमूर्ती रानड्यांची भाषणं ऐकली, स्वदेशीचा प्रचार केला, मित्रांबरोबर पुण्यात शाळा काढली. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली.

मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. त्याच्या आधीच, मे १८७५ मध्ये, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. सारा रोख भरायचा, त्यासाठी सावकाराकडे जायचं आणि कोर्ट सावकाराच्या बाजूने, हे चक्र आधीच गळ्याशी आलेलं. त्यात पाऊस गेला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल हा अधिकारी दुष्काळी कामांचा खर्च कमी करायला निघाला. त्याने ठरवलेली मजुरी किती? दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. हजारो मजुरांनी काम सोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आकडेवारीसकट अर्ज पाठवले. आणि त्याच वर्षी हेच टेंपलसाहेब मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले!

इथे अमेरिका आठवते. तिकडचे वसाहतवालेही आधी अर्जच करत होते. १७६५ चा स्टँप कायदा, १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, हे आपल्याला माहीत असतं. पण लढाई पेटल्यानंतरही, जुलै १७७५ मध्ये, त्यांनी राजाला समेटाचं पत्र लिहिलं होतं. राजाने ते घेतलंच नाही, उलट बंडखोर ठरवून टाकलं. वर्षभरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला.

फडक्यांचा जाहीरनामा मे १८७९ चा. त्यात गादी मागितलेली नाही. कर कमी करा, उपाशी लोकांना काम द्या, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कापा. मला तर ते हिशेबनिसाने लिहिलेलं बजेट वाटतं, फक्त खाली धमकी आहे, की नाही ऐकलंत तर पुन्हा सत्तावन्न होईल. गव्हर्नरच्या डोक्यावर उलट इनामही लावलं.

पण अमेरिकनांकडे स्वतःच्या विधानसभा होत्या, बंदुका होत्या, छापखाने होते, पुढे फ्रान्सची मदत आली. आपल्याकडे १८७८ या एका वर्षात देशी वर्तमानपत्रांवर कायदा आला आणि हत्यारांवरही. शिकलेली मंडळी फडक्यांच्या मागे आली नाहीत. आले ते रामोशी, कोळी, धनगर. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरजवळच्या धामारीवर पहिला दरोडा पडला. हो, दरोडाच. पैसा उभा करायचा तर सावकार लुटायचा, दुसरा मार्गच उरला नव्हता.

आणि हा भाग मला टाळायचा नाही. मे महिन्यात दौलतराव नाईक यांच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली लुटली. आपलं पळस्पे, जिथे आपण वडापावला थांबतो. शिरढोणपासून हाकेच्या अंतरावर. ज्यांच्या घरात टोळी शिरली त्यांना त्या रात्री साम्राज्य दिसलं असेल, की नुसत्या मशाली? मला फडक्यांबद्दल आदर आहे, पण गव्हर्नरवरचा राग पळस्प्याच्या तिजोरीवर निघाला, आणि माझ्या मते बंड तिथेच अडकलं. परत घाटावर जाताना मेजर डॅनियलने गाठलं आणि दौलतराव मारले गेले. माणसं पांगली.

फडके दक्षिणेत गेले, नवी फौज जमवायच्या खटपटीत राहिले. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगीला झोपेत पकडले गेले. त्यांची स्वतःची रोजनिशीच पुण्याच्या खटल्यात पुरावा झाली. वकील कोण उभे राहिले माहितीये? सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी. ज्या सार्वजनिक सभेने अर्ज पाठवले, तिचेच. अर्ज लिहिणारा आणि अर्ज सोडून दिलेला, दोघं एकाच कोर्टात, एकाच बाजूला.

शिक्षा जन्मठेपेची, एडनला रवानगी. तिथे त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं आणि पळाले. पण एडनच्या आजूबाजूला नुसतं वाळवंट, ओळखीचं माणूस नाही, भाषा नाही. लगेच सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. वय ३७.

पुढच्या भागात चिरनेरला जाऊ, १९३० च्या जंगल सत्याग्रहाकडे. उरणचं कोणी ऐकत असेल आणि घरात आजी-आजोबांनी सांगितलेलं काही असेल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा.