फारखतीवरील सही

श्रोतेहो, आपल्या भाषेंत 'फारखत' असा एक जुना शब्द आहे. कर्ज फिटलें म्हणजे ऋणको सावकाराकडून फारखत लिहून घेत असे. "आतां तुझ्याकडे माझें कांहीं येणें राहिलें नाहीं," हा तिचा आशय. बलवानानें दुर्बलास लिहून द्यावयाचा असा तो कागद. आज मी ज्या कागदाविषयीं बोलणार आहें तोहि फारखतच आहे. मात्र तिची दिशा उलटली आहे. येथें कामावरून जाणारा नोकर धन्यास ती लिहून देतो व बदल्यांत एकरकमी पैसे घेतो. माझें सर्व येणें पूर्ण व अखेरचें चुकतें झालें, यापुढें मी कोणत्याहि न्यायालयांत कसलाहि दावा करणार नाहीं, अशी तिची भाषा असते.

मुंबईच्या गिरणगांवांत हा कागद घरोघर पोहोंचला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार होते. तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. हळूहळू विरून गेला. पुढें १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें गिरण्यांच्या जमिनींवर दुसरें कांहीं उभारण्याची वाट मोकळी केली, आणि चालत्या गिरणीपेक्षां रिकामी गिरणी अधिक मोलाची ठरूं लागली. तेव्हां 'स्वेच्छानिवृत्ति' हा शब्द चाळींच्या जिन्यांवर ऐकूं येऊं लागला. मी त्या भागांत शिकवीत असें. मुलांचे वडील इंग्रजी कागद घेऊन येत आणि म्हणत, "गुरुजी, रक्कम किती लिहिली आहे तेवढें सांगा." रक्कम मी सांगें, परंतु तिच्याखालचीं चार वाक्यें ऐकावयास फारसें कोणी थांबत नसे. मुलीचें लग्न ठरलेलें, वाण्याची उधारी थकलेली. चार वाक्यांना तेथें काय किंमत असणार?

आणि तरीहि सारी किंमत त्याच वाक्यांची असते. प्रथम 'स्वेच्छा' हा शब्दच घ्या. धन्यानें कामगार कमी केला तर कायद्याप्रमाणें त्यानें एक महिन्याची सूचना द्यावी, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा, असें बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं घालण्यांत आलें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनें घेतली. पंधरा दिवसांचा दर तिच्यांतहि कायम आहे. मोठ्या कारखान्यास कामगार कमी करण्यापूर्वीं सरकारची परवानगी लागते. पूर्वीं ही मर्यादा शंभर कामगारांची होती, ती आतां तीनशेंची झाली आहे. परंतु जुन्या कायद्यांत काय किंवा नव्या संहितेंत काय, 'कामगारकपात' या शब्दाच्या व्याख्येंतून स्वेच्छानिवृत्ति वगळलेली आहे. म्हणजे आपण खुषीनें जातों असें एकदां लिहून दिलें कीं सूचना, भरपाई, परवानगी, आणि पुन्हां भरती निघाल्यास जुन्या माणसास मिळणारा अग्रक्रम, हें सारें एका शब्दासरशी गळून पडतें. दाबाखालीं दिलेल्या राजीनाम्यावर 'स्वेच्छा' लिहावयास लावणें ही मला तरी भाषेची विटंबना वाटते.

आतां पैशांचा हिशोब पाहूं. धरून चला, एका तंत्रकामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिना २६,००० रुपये आहे, आणि नोकरी वीस वर्षें झाली आहे. धनी म्हणतो, "सर्व मिळून सात लाख देतों, येथें सही करा." सात लाख ऐकून माणूस हरखतो. परंतु ग्रॅच्युइटी सव्वीस दिवसांचा महिना धरून पंधरा दिवसांप्रमाणें काढावयाची असते. ती ३,००,००० रुपये होते, आणि ती त्याचीच आहे. शिल्लक रजेचे ३०,००० त्याचेच. कपात झाली असती तर भरपाई २,६०,००० आणि सूचनेचा पगार २६,००० मिळालाच असता. बेरीज ६,१६,००० झाली. म्हणजे सहीची खरी किंमत केवळ ८४,००० रुपये! भविष्यनिर्वाह निधि या हिशोबांत येऊंच नये. तो वेगळ्या खात्यांत असतो. तरीहि रक्कम फुगवून दाखविण्यासाठीं त्याला या यादींत बसविणारे महाभाग आहेत.

आतां न्यायालयाची दृष्टि. १८७२ च्या करार कायद्याचें अठ्ठाविसावें कलम सांगतें कीं, न्यायालयाचें दार सर्वस्वी बंद करणारा करार रद्दबातल होय. हें वाचून कित्येकांस वाटतें कीं, सही केली तरी बिघडलें काय? बिघडतें. उपस्थित झालेला तंटा पैसे घेऊन मिटविण्यास कायद्याची ना नाहीं, आणि त्याच कायद्याचें त्रेसष्टावें कलम येणेंकऱ्यास आपलें येणें सोडण्याची मुभा देतें. २००३ सालीं ए. के. बिंदल यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे स्वीकारून बाहेर पडलेल्या नोकरास मागील वेतनवाढीसाठीं पुन्हां भांडतां येणार नाहीं. उलट, सही दडपणाखालीं घेतल्याचें सिद्ध झालें तर करार रद्द करवून घेतां येतो. पण सिद्ध करण्याचें ओझें बहुधा सही करणाराच्या माथीं येतें, आणि बंद खोलींत बोललेल्या शब्दांना साक्षीदार कोठून आणावा?

सही करून पश्चात्ताप झाला तर? बँकांच्या २००० सालच्या योजनांसंबंधीं सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २००२ मध्यें निर्णय दिला. नोकराचा अर्ज हा देकार असून, मंजूर होण्यापूर्वीं तो मागें घेतां येतो, असें त्यांत सामान्यतः मान्य झालें. मात्र ज्यांनीं पैसे घेऊन वापरले त्यांना तोंड फिरवितां येईना. अमेरिकेंत १९९० च्या कायद्यानें चाळीस वर्षांवरील नोकरास वयाच्या कारणावरून होणारे दावे सोडण्यापूर्वीं विचारासाठीं एकवीस दिवस आणि सहीनंतर माघारीसाठीं सात दिवस दिले आहेत. सामुदायिक योजनेंत विचाराचे दिवस पंचेचाळीस होतात. आपल्याकडे अशी सर्वसाधारण मुदत कायद्यांत नाहीं. "आज संध्याकाळपर्यंत सही, नाहींतर उद्यां हा देकार नाहीं," असें येथें सर्रास म्हणतां येतें.

म्हणून आपल्या घरीं असा कागद आला तर रकमेचें कलमवार विवरण लेखी मागावें, कागदाची प्रत मिळाल्यावांचून लेखणी उचलूं नये, आणि केवळ कायदेशीर येणेंच हातीं पडत असेल तर पावतीवर 'हक्क राखून स्वीकारलें' असें लिहावें. ग्रॅच्युइटीची गोष्ट तर निराळीच आहे. १९७२ च्या कायद्यानें ती कोणत्याहि कराराच्या वर ठेविली होती, आणि सामाजिक सुरक्षा संहितेंतहि ती कायद्यानेंच मिळते. ती देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते, न दिल्यास पुढें व्याज चढतें. आणि फारखतीवर सही न केल्याचें कारण दाखवून ती अडवून ठेवण्याचा अधिकार धन्यास नाहीं.