पितळेचे गुणधर्म व काडतुसाचे कवच
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



तांब्या-पितळेच्या धंद्यावर ज्यांच्या पूर्वजांनी प्रपंच चालविले, त्या आपल्यासारख्या मंडळींपुढे रायफलीच्या काडतुसाविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु काडतुसाचे कवच हेही पितळेचे एक भांडेच होय. त्यात शंभर भागांत सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त असते.

अमेरिकेसारख्या देशांत अचूक नेमबाजीचे शौकीन झाडलेली कवचे टाकून न देता स्वतः पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून असे करता येत नाही, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे. मात्र त्यामागील धातुविद्या अवश्य जाणून घ्यावी.

बार उडताच कवच फुगून रायफलीच्या कोठीला टेकते व दाब ओसरला की किंचित आकसते. मूळ मापावर मात्र येत नाही. म्हणून त्यास तेलाचा हात लावून पोलादी साच्यात दाबतात. तेल नसेल तर ते साच्यात अडकते; अती झाले तर खांद्यावर खळगे पडतात. खांदा एक-दोन सहस्रांश इंच मागे सारला म्हणजे बहुधा पुरते. अधिक सारल्यास दर बारास कवच ताणले जाते, बुडाच्या जरा वर भिंत पातळ होते आणि एके दिवशी तेथेच तुटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाजवळ उसळू शकतो. ताणलेला धातू मानेकडे सरकून लांबीही वाढते. ‘३०८ विंचेस्टर’ कवचाची कमाल लांबी २.०१५ इंच, ते २.००५ इंचांपर्यंत छाटून कडा आतून-बाहेरून घासतात. लांब राहिलेली मान कोठीच्या टोकाशी चिमटून गोळीस आवळते व दाब धोक्याइतका वाढतो.

आता आचेची गोष्ट. ठोकून कठीण झालेले भांडे पुन्हा भट्टीत घालावे लागते, हे तांबट आळीतील पोरासही ठाऊक असे. कवचाचेही तसेच. वारंवार दाबल्याने मान कठीण होते, चिरते आणि गोळीस सारखी धरीत नाही. म्हणून मान व खांदा यांस क्षणभर आच देतात. बूड मात्र तापू देत नाहीत. ते नरमले तर दाब सोसणार नाही.

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची कवचे पावसाळ्यात, न झाडताच, चिरू लागली. तबेल्यांतील अमोनिया आणि पितळेत उरलेला ताण यांच्या संयोगाचे हे फळ होते. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ साली या विकाराचे विवेचन केले. हलकी आच देऊन ताण घालविणे हाच त्यावर उतारा ठरला.

बंधूंनो, आपल्या वृद्ध कारागिरांच्या हातात आचेची ही पारख अद्याप आहे. त्यांच्याबरोबर ती लोपण्यापूर्वी आपल्या अभियंता मुलांनी त्यांच्याजवळ बसून ती टिपून घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.