आचेवरचे मणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



काच अंगावर घालायची सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे, की ती काच आहे हेच आपल्या लक्षात राहत नाही. मंगळसूत्रातलं सोनं किती ग्रॅमचं हे घरातल्या सगळ्यांना पाठ असतं. काळी पोत कशाची असं विचारलं, तर क्षणभर थांबावं लागतं. ती बहुतेक वेळा काचेची असते. हिरवा चुडा काचेचा. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, एवढा मान आपण या काचेला देतो आणि भाव मात्र डझनावर करतो.

मी कोल्हापुरात गेली सतरा वर्षं काचेचे मणी हाताने घडवते आणि त्यांचे दागिने करून विकते. थोड्या भिंतीवर लावायच्या काचेच्या तसबिरीही करते, पण त्या वर्षाला पाच-सहा जातात. त्यांच्यावर घर चालत नाही, म्हणून आज मण्यांबद्दलच बोलते.

हा धंदा आमच्या गावाला नवा नाही. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली, आणि त्या मातीत काचेचे मणीही होते. दीक्षितांचं मण्यांवर विशेष प्रेम. पुढे त्यांनी भारतीय काचेचा इतिहासच लिहिला, तो मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये छापला. मधल्या काळात महाराष्ट्राने काचेचे कारखानेही काढले. पैसा फंडाचा तळेगावचा कारखाना १९०८ चा, आणि नंतर कराडजवळ ओगलेवाडी. ओगल्यांचा प्रभाकर कंदील आजही एखाद्या माळ्यावर सापडेल. बांगडीचं मोठं केंद्र मात्र उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद होतं आणि आजही तेच आहे.

फिरोजाबादची बांगडी कशी होते ते थोडं सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. भट्टीतून काढलेल्या तापलेल्या काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळत जातात, स्प्रिंगसारखी. मग ती उभी कापली की एकेक कडं सुटं होतं, पण तोंड उघडं असलेलं. ते तोंड ज्योतीवर धरून जोडायचं. ही जोडणी घराघरांत होते, बहुतेक बाया करतात. तुमच्या हातातली साधी बांगडी फिरवून बघा, बोटाला एके ठिकाणी किंचित उंचवटा लागेल. तिथे कुणाचा तरी हात लागलेला असतो. मापाचंही असंच. आपण दोन-चार, दोन-सहा म्हणतो, ते दोन इंच आणि वर चार किंवा सहा सूत. इथे सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग. म्हणजे दोन-चार ही सव्वादोन इंची. कासाराला मोजपट्टी लागत नाही, तो हात नुसता दाबून बघतो आणि माप सांगतो.

माझं काम याहून लहान. टेबलावर एक बर्नर असतो. त्याला स्वयंपाकाचा गॅस आणि ऑक्सिजन. हा ऑक्सिजन मी हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्रावर घेते. करोनामुळे ते यंत्र आता सगळ्यांना माहीत झालं आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात आमचं यंत्र दीड महिना आमच्याकडे नव्हतंच, गल्लीतल्या एका घरी होतं. स्टीलच्या बारीक सळीवर आधी मातीचा लेप द्यायचा, म्हणजे मणी पुढे सळीवरून सुटून येतो. डाव्या हातात ती सळी, उजव्या हातात रंगीत काचेची कांडी. कांडीचं टोक ज्योतीत धरलं की मधासारखं लोंबायला लागतं, ते सळीवर गुंडाळायचं आणि सळी फिरवत राहायची. फिरवणं थांबलं की मणी एका बाजूला ओघळलाच. काच तापली की तिच्यातल्या सोडियमचा पिवळा भडका उठतो आणि त्यापुढे मणी दिसत नाही. म्हणून तो पिवळा प्रकाश अडवणारा खास चष्मा घालावा लागतो. साध्या गोल मण्याला पाच-सहा मिनिटं, आत फूल असलेल्या मण्याला अर्धा तास.

इथवर शिकायला चार-सहा महिने पुरतात. खरं काम यानंतरचं आहे, आणि ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

गरम मणी हवेत ठेवला, की बाहेरचा थर आधी थंड होऊन आकसतो आणि आतला गाभा अजून गरमच असतो. त्या दोघांची ओढाताण काचेत कायमची अडकून राहते. मणी कधी तिथल्या तिथे तडकतो. पण कधी चांगला दिसतो, विकला जातो, आणि चार महिन्यांनी कपाटात ठेवल्या ठेवल्या त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून तो लगेच विजेच्या भट्टीत टाकायचा. माझी काच साधारण ५१० अंश सेल्सिअसला धरून ठेवावी लागते, मग तास-तास घेत उतरवायची. मधेच वीज गेली तर दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. ही भट्टी न वापरता गरम मणी राखेत नाहीतर लोकरीच्या घडीत पुरून ठेवणारेही आहेत. छोट्या मण्याला ते कधी कधी निभतं. पण तसे मणी विकणाऱ्याने तसं सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रदर्शनात मी एक लहान पेटी ठेवते. तिच्यात पोलराइज्ड फिल्मचे दोन तुकडे एकमेकांना आडवे लावलेत आणि मागे दिवा. दोन्हींमधून बघितलं तर अंधार दिसतो. मधे पारदर्शक मणी धरायचा. नीट थंड केलेला असेल तर अंधारच राहतो, ओढाताण उरली असेल तर भोकाभोवती उजेडाचे डाग दिसतात. पोरं या पेटीपुढे रांग लावतात. अपारदर्शक मण्याला ही परीक्षा लागू पडत नाही, तिथे माझ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

आता भाव. "महाद्वार रोडला असले कानातले पन्नास रुपयांत मिळतात," हे वाक्य मी प्रत्येक प्रदर्शनात ऐकते आणि ते खरंच आहे. मिळतात. माझी जोडी साडेचारशेची. तिच्यात काच असते जेमतेम पंचवीस रुपयांची. पण एका मापाचे, एका रंगाचे दोन मणी मिळायला चार करावे लागतात. गॅस, ऑक्सिजनच्या यंत्राची वीज, भट्टीची वीज. हूक चांदीचे, ते हुपरीहून येतात, आणि चांदी चढल्यापासून कधी कधी हूकच मण्यापेक्षा महाग पडतो. उरते ती मजुरी. माझ्याबरोबर दोघीजणी काम करतात, त्यांची मजुरी आधी बाजूला काढायची आणि मग माझी. मी घासाघीस करत नाही. हे काहींना उर्मटपणाचं वाटतं. पण मी शंभर रुपये सोडले, तर ते नेमके कुणाच्या पगारातून सोडले हे मला माहीत असतं.

२०१९ मध्ये एका मोठ्या शहरातल्या दालनाने चारशे जोड्यांची मागणी दिली. आमचं सहा महिन्यांचं काम होतं ते. नमुने पसंत पडले, भाव ठरला, आणि मग त्यांनी पाठवलेल्या पुठ्ठ्यावर छापलेलं होतं, 'इटालियन हस्तकला'. मी फोन केला. ते म्हणाले, तुमच्या काचेच्या कांड्या इटलीच्याच ना? कांड्या मुरानोच्या होत्या, खरं आहे. पण रेशीम कुठलं यावरून कुणी पैठणीचं गाव ठरवत नाही. मी म्हटलं, 'कोल्हापूर' छापा, नाहीतर काहीच छापू नका. त्यांना ते चालणार नव्हतं.

घरी येऊन हे दोघींना सांगायचं होतं. त्यातल्या एक कासार घराण्यातल्या काकू, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. त्या म्हणाल्या, "अगं, नाव इटलीचं लागू दे की. पैसं तर हितंच येणार हाय न्हवं?" त्यांच्या मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, त्यामुळे हा विनोद नव्हता. आम्ही दोन दिवस बोलत होतो. शेवटी मी त्यांना विचारलं, की तुमच्या सासऱ्यांनी भरलेली बांगडी दाराबाहेर पडायच्या आत तडकली तर ते काय करायचे? म्हणाल्या, दुसरी भरायचे, पैसे घ्यायचे नाहीत. मग इटलीचं नाव लावलेला मणी तडकला, तर बाई कुणाकडे येणार? काकूंनी मान डोलावली; पण त्यांना ते पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. मागणी गेली. पुढचे तीन महिने ओढाताणीचे गेले, आणि फी कशी भरली गेली ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तेव्हापासून प्रत्येक डबीत आमच्या गावाचा कागद असतो. मणी आपणहून तडकला तर बदलून देतो. फरशीवर पडून फुटला तर देत नाही, हेही त्यावर लिहिलेलं आहे.

एका कामाबद्दल सांगायचं राहिलं. आमच्याच जिल्ह्यातल्या हेरवाडने, शिरोळ तालुक्यात, मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही हे उचलावं असं परिपत्रक काढलं. त्यानंतर काही महिन्यांनी एक मुलगी रुमालात बांधून आठ हिरव्या बांगड्या घेऊन आली. तिच्या आईच्या. वडील गेले तेव्हा आईने त्या फोडू दिल्या नव्हत्या, उतरवून डब्यात ठेवल्या होत्या. पण पुन्हा हातात घालायला धजत नव्हती. मुलीने विचारलं, यांचे मणी होतील का?

होतात, पण एक अडचण असते. प्रत्येक काच तापली की आपापल्या प्रमाणात फुगते आणि थंड होताना तेवढीच आकसते. वेगवेगळ्या जातीच्या दोन काचा एका मण्यात आल्या तर तो आज ना उद्या तडकणारच. म्हणून लोक कौतुकाने रंगीत बाटल्या आणून देतात, तेव्हा मला हसून परत कराव्या लागतात. बांगडीच्या काचेत माझी काच मिसळता येत नाही. बांगडीचा मणी बांगडीचाच. तुकडे आधी भट्टीत सावकाश गरम करायचे, नाहीतर ज्योत लागताच फुटून उडतात. आठ बांगड्यांचे सत्तावीस मणी झाले. हिरवा रंग आचेत टिकतो, तसाच टिकला. काकूंनी ते काळ्या दोऱ्यात ओवले. जोडाचा उंचवटा वितळून गेला होता, तो मात्र त्या बराच वेळ बोटाने शोधत होत्या.

त्या आई माळ घालतात. मुलीकडून मी मजुरी घेतली, काचेचे पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून अशी कामं महिन्याला दोन-तीन येतात. कुणाला करून घ्यायचं असेल, तर दोन जोडांतल्या बांगड्या एकत्र बांधून आणू नका. वेगवेगळ्या पुड्या करा आणि वर नाव लिहा. सोनेरी नक्षी असेल तर ती जळून काळपट डाग राहतो, म्हणून साध्या बांगड्या बऱ्या. आणि लाल बांगडी असेल तर आधी एकच द्या. लाल रंग आचेत कधी कधी काळवंडतो, आणि तो पुन्हा लाल करता येत नाही.