घर मोजलं, माणूस राहिला

(बंगळुरूत मराठी श्रमिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, की कोणताही आरोग्य विमा नसलेली कुटुंबं २००५-०६ मध्ये ९५ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ७१ आणि २०१९-२१ मध्ये ५९. प्रगती झाली, हे मान्य. पण ही मोजणी घराची आहे. घरातल्या एकाकडे जरी विमा असला, तरी अख्खं घर विमाधारक ठरतं. सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ मध्ये माणसं मोजली, तेव्हा गावांत ८६ टक्के आणि शहरांत ८१ टक्के लोकांना कसलंच संरक्षण नव्हतं. म्हणून आकडा समोर आला, की आधी विचारा : मोजलं काय?

मग विचारा : मिळतं काय? २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली आणि कर्नाटकात ती आरोग्य कर्नाटक योजनेत मिसळली. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. पण आधार शिधापत्रिकेचा, आणि आपल्यातल्या कित्येकांचं रेशन कार्ड अजून गावीच आहे. शिवाय ही योजना प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णासाठी. रोजची औषधं आणि बुडालेली मजुरी, दोन्ही आपल्याच पदरात.

बुडालेल्या मजुरीचा विचार आधीच झाला होता. १९४३ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना प्रा. अडारकरांवर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं. १९४४ मध्ये अहवाल आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यात कुटुंबालाही उपचार आहेत. आवश्यक हप्ते भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी आहे, बाळंतपणाची भरपगारी रजा आहे. हे दान नाही. कामगार पाऊण टक्का भरतो, मालक सव्वातीन टक्के.

मग बाहेर कोण राहतं? या शहराचा कचरा उचलणारे पौरकार्मिक पाहा. त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. वर्षानुवर्षं त्या ठेकेदाराच्या हाताखाली राबल्या. ठेकेदारीत मालक कोण हेच धूसर होतं, मग हप्ता कोणी भरायचा? २०२२ च्या जुलैत त्यांनी काम बंद ठेवून कायम नोकरी मागितली. ती मागणी पगाराची होती, तशीच दवाखान्याचीही होती. जातीने जे काम वाट्याला दिलं, त्याच कामात आजार जास्त आणि कागद कमी.

म्हणून आज घरी गेलात, की एवढं करा. पगाराची पावती काढा. विम्याची कपात दिसते का? दिसली, तर विमा क्रमांक मागा आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव नोंदवलंय का, ते तपासा. पावतीच मिळत नसेल, तर एकट्याने भांडू नका. दहा जणी मिळून लेखी मागा.

सरकार घरं मोजतं. आपण आपली माणसं मोजू या.

जय भीम.