एंजिन अडखळतें तेव्हां

मोटार घाट चढत असतां आचके देऊं लागली, कीं पुष्कळ ठिकाणीं प्रथम नवे भाग आणले जातात. प्लग बदलतो, इंजेक्टर बदलतो, पैसा जातो. आचके मात्र कायम राहतात! नाडी न पाहतां औषध देण्यासारखाच हा प्रकार होय.

सिलिंडरांत ज्वलन होण्यास तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, त्यावर पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांतील एक चुकली, कीं त्या सिलिंडरची पाळी फुकट जाते. पूर्वीं मिश्रणाचें काम कार्बुरेटर करी. १९६७ सालीं फोक्सवॅगन १६०० या मोटारीस बॉशची विद्युत्-नियंत्रित इंधन-फवारणी बसविण्यांत आली. आज तें काम संगणक पाहतो. ज्वलन चुकलें कीं एंजिनाच्या मुख्य दांड्याची गति क्षणभर मंदावते. संगणक ती मंदी टिपून तिची नोंद ठेवतो.

वाचक-यंत्र जोडल्यास ही नोंद दिसते. ‘पी ०३०३’ म्हणजे तिसरा सिलिंडर चुकला. ‘पी ०३००’ म्हणजे चूक एकाच सिलिंडरापुरती नाहीं. अशा वेळीं हवेची गळती, पेट्रोलचा दाब, अशा सामाईक गोष्टी आधीं पाहाव्यात. मात्र चूक कोठें झाली हें नोंद सांगते; कां झाली, हें सांगत नाहीं.

तें शोधण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असल्यास, एंजिन थंड झाल्यावर तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यास व दुसऱ्याची तिसऱ्यास लावावी, जुनी नोंद पुसावी आणि मोटार चालवून पाहावी. आतां ‘पी ०३०२’ उमटलें, तर दोष कॉइलबरोबर सरकला; अपराधी सांपडला! नोंद जागची हलली नाहीं, तर प्लगांची अदलाबदल करावी, नंतर इंजेक्टरांची. तिन्ही निर्दोष ठरल्यास सिलिंडरांतील दाब मोजावा. झडप जळून दाब निसटत असण्याचा संभव असतो. एका वेळीं एकच वस्तु हलवावी; दोन हलविल्या तर दोष कोणाचा, हें कळणार नाहीं.

या कामीं दिरंगाई मात्र नको. एंजिनाचा इशारा-दिवा लुकलुकूं लागला, तर मोटार तशीच दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील शुद्धिकारकांत जाऊन पेटतें व त्याची आंतील जाळी वितळूं शकते. मग एका कॉइलच्या किमतींत भागलें असतें, त्याच्या कितीतरी पट खर्च पदरीं पडतो. म्हणून मोटार थांबवावी, नोंद वाचावी आणि दोष सिद्ध झाल्यावरच नवा भाग विकत घ्यावा.