पैलवानाचा खुराक आणि ल्युसिन

कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान मेहनत संपवून म्हशीचं दूध आणि बदामाची थंडाई घेतो, तेव्हा त्यातल्या प्रथिनांबरोबर अमिनो आम्लंच पोटात जात असतात. प्रथिनं या आम्लांचीच बनलेली. ही आम्लं एकूण २० प्रकारची. त्यांतली ९ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात.

या नवांत ल्युसिनचं काम मोठं. व्यायामानंतर स्नायूंच्या बांधणीला लागण्याचा इशारा मुख्यतः तेच देतं. पण इशारा मिळाला तरी बांधणीला उरलेली आठही हवीतच. व्यायाम करणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बीसीएए पावडरीत मात्र ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीनच असतात. तिचे महागडे डबे घेणाऱ्या तरुणांना म्हणूनच कळकळीनं सांगावंसं वाटतं, तो पैसा दूध, अंडी आणि डाळींवर घाला.

दुधात नऊही आम्लं चांगल्या प्रमाणात असतात. ज्वारीत या नवांतलं लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत नवांतलंच मेथिओनिन कमी, ती उणीव भाकरी भरून काढते. दोन्ही एकाच जेवणात हवीत असंही नाही, दिवसभरात मिळाली की झालं. बदामाची ख्याती मोठी, पण लायसिन त्यातही कमीच.

नियमित कसून व्यायाम करणाऱ्याला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ती तीन-चार वेळच्या खाण्यात विभागून घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.