मोटर का जळली?



कोल्हापूरजवळ शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्री म्हटली की शॉट ब्लास्टिंग आलं आणि त्यामागोमाग डस्ट कलेक्टर आला. धूळ अडवतात कापडी पिशव्या, हवा ओढतो ब्लोअर आणि त्याला फिरवते तीन फेजची मोटर. ती जळली की पहिला फोन रिवाइंडिंगवाल्याला जातो. ती जळली कशानं, हे मात्र कुणी विचारत नाही.

फेज जाणं हे नेहमीचं कारण. फ्यूज उडालेला असतो, कॉन्टॅक्टरचे पॉइंट खाल्लेले असतात किंवा ब्लोअरच्या थरथरीनं टर्मिनल बॉक्समधला लग ढिला झालेला असतो. चालू मोटरचा एक फेज गेला तर उरलेल्या दोन वायरींतला करंट साधारण पावणेदोनपट होतो. बंद मोटर तशीच चालू करायला गेलं तर ती नुसती गुणगुणते, भार उचलत नाही. जळालेलं वाइंडिंग उघडलं की त्याची खूण दिसते. स्टार जोडणीत दोन फेजांची कॉइल काळी पडते आणि तिसरी कोरी राहते. डेल्टात एकच काळी, बाकी दोन शाबूत. ही खूण न बघता रिवाइंड केलेली मोटर त्याच ढिल्या लगवर चढवली, तर तीही जळणार.

मोटर चालू असताना टाँग टेस्टर लावला आणि एका फेजचा करंट जास्त निघाला, तर दोष पुरवठ्यात की मोटरमध्ये? मेन बंद करून, कुलूप घालून, स्टार्टरला येणाऱ्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवायच्या. फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्तीचा करंट वायरीमागोमाग सरकला तर खोट पुरवठ्यात. जागचा हलला नाही तर स्टार्टरमध्ये किंवा मोटरमध्ये. व्होल्टेजमधला 1 टक्क्याचा असमतोलही करंटमध्ये 6 ते 10 टक्क्यांचा होऊन दिसतो.

दोनच वायरींची अदलाबदल झाली तर मात्र मोटर उलटी फिरते, आणि हा दोष फार फसवा. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूनं ओढतो, पण पुष्कळ कमी. आवाज नेहमीसारखा, ट्रिप काही होत नाही. सिलिकाची बारीक धूळ शेडमध्ये तरंगत राहते आणि बोल लागतो पिशव्यांना. केसिंगवरचा बाण आणि शाफ्टची दिशा ताडून पाहिली असती, तर नव्या पिशव्यांचा खर्च वाचला असता.

नव्या पिशव्या चढवल्या की आणखी एक गोंधळ होतो. बुजलेल्या पिशव्यांतून हवा कमी वाहते, म्हणून मोटरवर भारही कमी असतो. कोऱ्या पिशव्यांतून हवा मोकळी वाहते, अँपिअर चढतात आणि ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. इथे वायरिंग उकरायचं कारण नाही. डँपर थोडा मिटला की करंट खाली येतो. प्रत्यक्षात हात जातो रिलेच्या स्क्रूकडे. 415 व्होल्टवरची 20 अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराला साधारण 27 अँपिअर घेते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटरच्या फेजमध्ये बसवलेला असेल तर त्यातून त्याच्या 58 टक्केच, म्हणजे सुमारे 16 अँपिअर जातात. नेमप्लेट वाचून तो 27 वर ठेवला, की मोटर तापून जळेपर्यंत रिले ट्रिप होत नाही.